दुसऱ्यांच्या मॉड्यूलमधून ट्रॅकर संगीत कसं शिकायचं?

ट्रॅकर म्हणजे स्वर ओळींच्या तक्त्यात लिहून संगीत करण्याचं सॉफ्टवेअर; ओपन-एमपीटी हा त्यांतलाच एक. त्यातली फाइल म्हणजे मॉड्यूल, ओळींचा एक तक्ता म्हणजे पॅटर्न, त्यातला एका आवाजाचा उभा रकाना म्हणजे चॅनेल, वाजणारा छोटा ध्वनिमुद्रित आवाज म्हणजे सॅम्पल, आणि स्वराशेजारी लिहिलेली वाजवण्याची सूचना म्हणजे इफेक्ट. प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ओपन-एमपीटीमध्ये वर्षभर ट्यून बनवतोय. इफेक्टची यादी जवळपास पाठ आहे. नावाजलेल्या संगीतकारांची ढीगभर मॉड्यूल्स उतरवून ठेवली आहेत. ती लावतो, पॅटर्न सरकताना बघतो, भारावून जातो. पण स्वतः काही करायला बसलं की तेच ते सपाट ऐकू येतं. यांच्याकडून शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?’

सगळ्यात आधी प्लेबॅक थांबवा. स्पीड ६ आणि टेम्पो १२५ या नेहमीच्या चालीवर एक ओळ ०.१२ सेकंदात निघून जाते आणि ६४ ओळींचा अख्खा पॅटर्न पावणेआठ सेकंदांच्या आत संपतो. तेवढ्यात चार चॅनेलमधले स्वर, सॅम्पलचे क्रमांक आणि इफेक्ट वाचणं कुणालाच जमत नाही. सरकता पॅटर्न बघणं हा आनंदाचा भाग आहे, तो जरूर घ्या. पण त्याला अभ्यास समजू नका. अभ्यास होतो तो थांबलेल्या पॅटर्नवर, एका वेळी एक चॅनेल चालू ठेवून आणि बाकीचे म्यूट करून.

ट्रॅकरवाल्यांना जी सोय आहे ती इतर संगीतकारांना क्वचितच मिळते. कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये अमिगा या संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर काढला. त्यातून पुढे जी मॉड्यूल फाइल रूढ झाली तिच्यात स्वर असतात आणि ते ज्या आवाजांवर वाजतात ते सॅम्पलही असतात. ध्वनिमुद्रण ऐकताना वादकाने काय केलं असेल याचा अंदाज बांधावा लागतो. इथे कुठला स्वर किती हळू, कुठे ओढला, कुठे कापला, सगळं लिहून ठेवलेलं. फिनलंड, नॉर्वे, स्वीडन, जर्मनीतल्या ज्या पोरांनी नव्वदच्या दशकात या प्रकाराला वर नेलं, त्यांतल्या बहुतेकांची शाळा हीच होती: नवीन मॉड्यूल हाती आलं की ट्रॅकरमध्ये उघडायचं आणि ते आतून कसं चालतं ते बघायचं.

आता पद्धत. ढीग बाजूला ठेवा आणि एकच मॉड्यूल निवडा, तेही चार चॅनेलचं. फास्ट ट्रॅकर २ च्या एक्सएम फाइलीत ३२ चॅनेल असू शकतात, इम्पल्स ट्रॅकरच्या आयटी फाइलीत ६४. त्यात जागा इतकी मुबलक की संगीतकाराने कशाच्या बदल्यात काय सोडलं ते दिसतच नाही. अमिगाच्या पॉला चिपला चारच आवाज एका वेळी वाजवता येत, तेही ८ बिटचे. अमिगावरच्या प्रोट्रॅकर या ट्रॅकरच्या मॉड्यूलमध्ये (मॉड फाइलीत) ३१ सॅम्पल, ६४ ओळींचे पॅटर्न आणि तीन सप्तकं, बस. या अडचणीत बसून ज्याने भरगच्च ट्यून केली त्याचा प्रत्येक निर्णय उघडा पडतो.

फाइल उघडण्याआधी ट्यून नुसती ऐका आणि कागदावर लिहा: किती वाद्यं ऐकू येतात, कोणत्या क्षणी किती आवाज एकदम वाजतात. समजा तुम्ही लिहिलंत की ढोल, बास, पॅडची (मागे लांब धरलेल्या आवाजाची) जीवा, म्हणजे कॉर्ड, मुख्य धून, धुनीचा प्रतिध्वनी आणि झांज, म्हणजे सहा. मग उघडा. चॅनेल तर चारच आहेत. मग वरचे दोन बसवले कुठे? या एका प्रश्नाचा पाठलाग करत गेलात तर इफेक्टच्या यादीत कधीच न सापडणारं बरंच काही हाती लागतं.

बहुधा सापडेल ते असं. ढोल आणि बास एकाच चॅनेलमध्ये असतील: ठोका ओळ ० वर, बासचा स्वर ओळ २ वर, पुढे स्नेअर, मग पुन्हा बास. ठोक्याच्या क्षणी बास थांबलेला असतो, पण ठोक्याच्या दणक्यात कानाला ते कळत नाही. पॅडची जीवा तीन चॅनेल खात नसेल; संगीतकाराने पूर्ण कॉर्डच एका सॅम्पलमध्ये घेतलेली असेल, एक मेजर आणि एक मायनर. आणि प्रतिध्वनी? तो बहुतेक वेळा धुनीच्याच चॅनेलमध्ये, मधल्या ओळींत लपलेला असतो.

हा शेवटचा प्रकार जवळून बघू, कारण माझ्या मते चार चॅनेलच्या कामात यापेक्षा सुंदर युक्ती दुसरी नाही. समजा धुनीचे स्वर सम ओळींवर आहेत: ओळ ० वर सा, ओळ २ वर ग, ओळ ४ वर प. विषम ओळी रिकाम्या आहेत. आता ओळ ३ वर पुन्हा सा लिहा, पण व्हॉल्यूमचा इफेक्ट सी१० देऊन. ओळ ५ वर ग, तसाच हळू. ओळ ७ वर प. प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी तीन ओळींनंतर येतो आणि दरम्यान पुढचा मूळ स्वर वाजून गेलेला असतो. इफेक्टचे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, लिहितात, तेव्हा १० म्हणजे आपले १६, आणि सर्वांत मोठा व्हॉल्यूम ४० म्हणजे ६४. प्रतिध्वनी मूळ स्वराच्या पाव तीव्रतेवर आहे. मध्ये दोन आणि चारच्या पटीत ढोल चाललेला असतो, त्यामुळे तीन ओळींचं अंतर तालावर बसत नाही आणि नेमकं म्हणूनच जागा मोठी वाटते. याची किंमत आहे: प्रतिध्वनीचा स्वर सुरू झाला की मूळ स्वर एका ओळीतच कापला जातो. म्हणून ही युक्ती छोट्या, टोचून वाजणाऱ्या आवाजावरच चालते. लांब बासरीवर करून बघा, लगेच तुटल्यासारखं वाटेल. संगीतकाराने तिथे तो आवाज का निवडला असेल, याचं उत्तर तुम्हाला सॅम्पलच्या यादीत मिळणार नाही, ते या मधल्या ओळींत मिळतं.

आता व्हॉल्यूम. नवशिक्याचा पॅटर्न आणि मुरलेल्या माणसाचा पॅटर्न शेजारी ठेवला तर सर्वांत मोठा फरक स्वरांत नसतो, तो तीव्रतेत असतो. तुमची ट्यून सपाट वाटते त्याचं कारणही, ती न ऐकताच सांगतो, बहुधा हेच आहे. चांगल्या मॉड्यूलमधलं हायहॅटचं चॅनेल एकटं चालू करा आणि प्रत्येक ठोक्याचा आकडा कागदावर उतरवा. ४०, १०, २०, १० असं काहीतरी दिसेल, आणि चौथ्या किंवा आठव्या फेरीला त्यात एक बदल. आता ते सगळे आकडे पुसून टाका आणि वाजवा. ट्यून जागच्या जागी मरते. मग आकडे परत टाका. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा. वाचून तो पटत नाही.

मॉड फाइलीत एका खान्यात एकच इफेक्ट मावतो, हेही इथे लक्षात ठेवा. त्याच ओळीवर स्वर हळू करायचा आणि त्याला कंपही द्यायचा, असं दोन्ही एकदम होत नाही. म्हणून सॅम्पलच्या यादीत कधी एकच आवाज दोनदा दिसतो, एकाचा मूळ व्हॉल्यूम ६४ आणि दुसऱ्याचा ३०. तो हलगर्जीपणा नसतो; दुसरा सॅम्पल घेतला की इफेक्टचा खाना कंपासाठी मोकळा राहतो. तसंच कधी स्वराची जागा रिकामी आणि सॅम्पलचा क्रमांक मात्र लिहिलेला दिसेल. प्रोट्रॅकरमध्ये त्याने चालू स्वर नव्याने न वाजता त्याचा व्हॉल्यूम मूळ आकड्यावर परत येतो. आधी हळू केलेला पॅड असा एकदम उचलून धडधडता करता येतो.

एवढं वाचून झालं की पुढची पायरी, आणि हीच बहुतेक जण टाळतात: तो पॅटर्न रिकाम्या मॉड्यूलमध्ये स्वतः टाइप करा. कॉपी-पेस्ट नाही. शास्त्रीय गाण्यात गुरूची बंदिश हजारदा घोटतात ती पाठांतरासाठी नव्हे, जागा गळ्यात बसाव्यात म्हणून. इथे त्या बोटांत बसवायच्या आहेत. आधी फक्त कानाने लिहा, मूळ फाइल बंद ठेवून. मग ताडून बघा. जिथे तुमचं आणि मूळचं जुळत नाही तिथे दोन शक्यता असतात. एक तर तुम्हाला ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं पण कसं लिहायचं ते कळलं नाही. पहिल्यासाठी कान तयार करावा लागतो, दुसऱ्यासाठी इफेक्ट. आपली उणीव कुठली हे ज्याला कळलं त्याचे पुष्कळ कष्ट वाचतात.

टाइप करताना एक खड्डा हमखास लागेल, तो आधीच दाखवतो. ट्रॅकरमध्ये ओळीच्या आतही टिक, म्हणजे वेळेचे बारीक तुकडे, असतात. टेम्पो १२५ ला सेकंदाला ५० टिक पडतात आणि स्पीड ६ म्हणजे एका ओळीत सहा. व्हॉल्यूम उतरवणारा ए०१ पहिली टिक सोडून बाकीच्या प्रत्येक टिकला एकेक आकडा खाली येतो, म्हणजे स्पीड ६ ला ओळीमागे पाच आणि स्पीड ३ ला दोनच. स्वर सरकवणाऱ्या इफेक्टचंही तेच. दुसऱ्याची बासची ओळ जशीच्या तशी आपल्या वेगळ्या स्पीडच्या मॉड्यूलमध्ये आणली की ती वेगळीच वाजते ती यामुळे. तेव्हा एखाद्या मॉड्यूलचा अभ्यास सुरू करताना पहिल्या पॅटर्नमध्ये स्पीड आणि टेम्पो ठरवणारा एफ हा इफेक्ट कुठे आणि किती आहे ते सर्वांत आधी शोधा. एका ओळीवर एफ०७ आणि पुढच्या ओळीवर एफ०५ असं आलटून-पालटून सापडलं तर समजा की ट्यूनला झोका असाच दिला आहे: सरासरी तीच राहते, पण ओळी एक लांब, एक आखूड होतात.

अर्पेजिओ हाही टिकचाच खेळ आहे. ०४७ लिहिलं की मूळ स्वर, त्याच्यावर चार अर्धस्वरांचा आणि सात अर्धस्वरांचा, असे तीन स्वर टिकमागून टिक फिरतात. आपल्या भाषेत सा, शुद्ध गंधार, पंचम. ०३७ मध्ये गंधार कोमल. फिरणं इतकं जलद असतं की एका चॅनेलमध्ये तीन सुरांची जीवा भासते. स्पीड ६ ला एका ओळीत दोन पूर्ण फेऱ्या, स्पीड ३ ला एक. स्पीड ४ ला मात्र चौथी टिक पुन्हा सा वर येते आणि पुढची ओळही सा पासूनच सुरू होते, म्हणून चाल लंगडते. ज्या संगीतकारांची चिपट्यून गुळगुळीत वाजते त्यांनी स्पीडचा आकडा उगाच निवडलेला नसतो. फोर-मॅट या नावाने काम करणाऱ्या मॅथ्यू सिमंड्स यांची अमिगावरची चिपट्यून्स यासाठी उघडा. सॅम्पल म्हणजे एकाच लहरीचा काही बाइटांचा तुकडा, लूप लावलेला; आवाजाला जे व्यक्तिमत्त्व येतं ते सगळं पॅटर्नमधल्या इफेक्टमधून.

मींड शिकायची असेल तर जोगेर लिलेदाल या नॉर्वेच्या संगीतकाराचं ‘गिटार स्लिंगर’ घ्या. फक्त गिटारचं चॅनेल चालू ठेवा आणि ३ आणि ४ हे दोन इफेक्ट कुठे येतात त्यावर खुणा करा. ३ ने नवा स्वर पुन्हा न छेडता आधीचा स्वर त्याच्यापर्यंत ओढला जातो, ४ ने कंप मिळतो. कंप स्वर लागल्याबरोबर सुरू होतो की थोडं थांबून, ओढ किती टिकमध्ये पोचते, यावर वादक जिवंत वाटतो की यंत्र, ते ठरतं. ज्यांनी सतार किंवा व्हायोलिन जवळून ऐकलं आहे त्यांच्या कानाला ही जागा आपोआप कळते. तुम्ही त्यांतले असाल तर हा तुमचा मोठा फायदा आहे, तो वापरा.

ड्रम-लूपचं चिरफाड-काम बघायचं तर ९ हा इफेक्ट शोधा. तो सॅम्पलच्या मधूनच वाजवायला सुरुवात करतो, २५६ बाइटांच्या टप्प्यांनी. लूप १६,३८४ बाइटांचा असेल तर त्याचा सोळावा भाग १,०२४ बाइट, म्हणजे बरोबर चार टप्पे. मग ९०४, ९०८, ९०सी असे आकडे दिसतात आणि लूपचे तुकडे हव्या त्या क्रमाने लावलेले असतात. काही जण लूपची लांबी मुद्दाम अशी कापून घेतात की हिशेब सरळ पडावा.

आपल्या तालांत काही करायचं मनात असेल तर पाश्चात्त्य मॉड्यूल्समध्ये एक गोष्ट शोधून ठेवा, डी हा इफेक्ट. पॅटर्न ६४ ओळींचा असतो कारण त्यांचं बहुतेक संगीत चारच्या पटीत चालतं, पण डी लिहिला की त्या ओळीनंतर थेट पुढचा पॅटर्न सुरू होतो. रूपकाच्या सात मात्रांना मात्रेमागे आठ ओळी धरल्या तर ५६ ओळी लागतात. मोजणी शून्यापासून, म्हणून डी०० ओळ ५५ वर. दादऱ्याच्या सहा मात्रा ४८ ओळींत बसतात. ओपन-एमपीटीच्या स्वतःच्या आणि एक्सएम, आयटी प्रकारांत पॅटर्नची लांबीच बदलता येते, तिथे हेही नको. तबल्याचे बोल वेगवेगळे सॅम्पल म्हणून घेतलेत तर व्हॉल्यूमबद्दल वर जे सांगितलं ते शंभर टक्के लागू: ‘धा’ आणि ‘ति’ एकाच तीव्रतेवर ठेवले की ठेका होत नाही, टाइपरायटर होतो.

पॅटर्नच्या पातळीवर रमलेले लोक रचनेकडे दुर्लक्ष करतात. ऑर्डर लिस्ट, म्हणजे कुठला पॅटर्न कितव्या क्रमाने येतो ती यादी, कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर लिहा की मागच्यापेक्षा यात नवीन काय आलं, काय गेलं. चांगल्या कामात जवळपास प्रत्येक पॅटर्नला काहीतरी हललेलं असतं, कधी फक्त हायहॅट उघडलेला, कधी बासचा शेवटचा स्वर वेगळा. यासाठी संगणकीय खेळांच्या संगीताचा अभ्यास फार उपयोगी आहे. २००० साली आलेल्या ‘डेउस एक्स’चं संगीत मॉड्यूलच्या स्वरूपात आहे, अलेक्झांडर ब्रँडन हे त्याचे मुख्य संगीतकार. एकाच फाइलीत शांत फिरण्याचा, लढाईचा आणि संभाषणाचा भाग वेगवेगळ्या जागी ठेवलेला असतो आणि खेळ गरजेप्रमाणे त्या-त्या जागी उडी मारतो. खेळ तुमच्याकडे असेल तर त्यातल्या यूएमएक्स फाइली ओपन-एमपीटीत थेट उघडतात. शांत भागातली धून लढाईत गेल्यावर तिचं काय केलं आहे, एवढंच शोधलंत तरी एक आठवडा सत्कारणी लागेल.

ऐकताना प्लेअरची सेटिंग तपासा. अमिगावर पहिलं आणि चौथं चॅनेल पूर्ण डावीकडे, दुसरं आणि तिसरं पूर्ण उजवीकडे जायचं. हेडफोनवर ते टोकाचं वाटतं म्हणून आजचे प्लेअर दोन्ही बाजू मिसळतात, आवाजही गुळगुळीत करतात. अभ्यासासाठी ओपन-एमपीटीमधलं अमिगाच्या आवाजाची नक्कल करणारं सेटिंग एकदा लावून ऐका. संगीतकाराने कोणता आवाज कोणत्या बाजूला टाकला, हाही त्याचा निर्णय होता.

घ्यायचं काय आणि सोडायचं काय, याबद्दल माझं मत पक्कं आहे. सॅम्पल एकमेकांच्या मॉड्यूलमधून उचलण्याची रीत या क्षेत्रात सुरुवातीपासून होती. एसटी-०१ या सॅम्पल-डिस्कमधले आवाज असंख्य ट्यूनमध्ये ऐकू येतात. तरी आज काही प्रसिद्ध करणार असाल, विकणार असाल, तर सॅम्पल स्वतःचे करा किंवा मोकळ्या परवान्याचे घ्या, आणि ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव मॉड्यूलच्या मजकुरात लिहा. सॅम्पलच्या नावांच्या जागेत लोक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. धून मात्र कुणाचीच घेऊ नका, ‘थोडी बदलून’सुद्धा नाही. उचलायची ती अडचण आणि तिच्यावरचा तोडगा. दुसऱ्याच्या पॅटर्नमधला प्रतिध्वनीचा सांगाडा घ्या, त्यात स्वतःचे स्वर भरा, आवाज बदला, तीनऐवजी पाच ओळींचं अंतर ठेवून बघा. पाच-सहा प्रयत्नांत तो सांगाडा तुमचा होतो, कारण तोवर तुम्ही त्यात काहीतरी मोडलेलं आणि जोडलेलं असतं.

सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर फिनलंडच्या कॅप्टनचं, म्हणजे मार्कुस कार्लोनेन यांचं ‘स्पेस डेब्री’ घ्या. चार चॅनेल, भरपूर आवाज, आणि वरची बहुतेक परीक्षा त्यावर घेता येते. तेवढं टाइप करून झालं की पर्पल मोशन आणि स्केव्हन या संगीतकारांनी फ्यूचर क्रू या फिनिश गटाच्या १९९३ च्या ‘सेकंड रिॲलिटी’ या डेमोसाठी (संगणकावर चालणाऱ्या दृक्-श्राव्य कार्यक्रमासाठी) स्क्रीम ट्रॅकर ३ मध्ये केलेलं संगीत उघडा. चॅनेल वाढल्यावर जागा कशी वापरतात ते दिसेल. ही सगळी मॉड्यूल्स ‘मॉड आर्काइव्ह’वर मिळतात. ते संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. पहिल्या मॉड्यूलचा एकच पॅटर्न पूर्ण टाइप करून, मूळ आणि तुमचा पाठोपाठ ऐकून, जिथे फरक वाटतो त्या ओळींचे क्रमांक लिहून काढा. पुढचा प्रश्न त्या क्रमांकांसकट विचारा, म्हणजे उत्तर ओळीगणिक देता येईल.